मिशनवर निघालेल्यांसाठी: रोजच्या दिवसातून शिकायचं कसं

मिशनवर, म्हणजे चर्चतर्फे धर्मप्रचाराच्या सेवेसाठी, निघताना छत्री, बूट, गरम कपडे यांची यादी सगळेच करतात. त्या यादीत एक दोनशे पानी वही घाला. भेट म्हणून आलेली, जाड पुठ्ठ्याची, सोनेरी अक्षरांची नको. तसल्या वहीत हात आपोआप सुविचार लिहायला लागतो. म्हापशाच्या बाजारात कुठल्याही दुकानात मिळते ती साधी, रेघांची वही घ्या, जिचं पान फाटलं तरी जीव हळहळणार नाही.

मी गोव्यातल्या डिचोलीची. घरी बोलणं कोंकणीत, वाचणं-लिहिणं मराठीत, आमच्याकडे बहुतेक घरांत असतं तसं. ज्या चर्चची मी सभासद आहे त्याचं पूर्ण नाव द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. लोक मॉर्मन म्हणतात. माझं मिशन इंग्लंडमध्ये झालं आणि त्यातला मोठा काळ विल्टशरमधल्या स्विंडन शहरात गेला. आता इथून निघणारी मुलं-मुली भेटायला येतात तेव्हा त्यांचा प्रश्न जवळजवळ एकच असतो: "ताई, दिवसभर दारं ठोठावायची, बस पकडायची, रात्री भांडी घासायची. देवाचं काम म्हणून गेलो, पण यात देव दिसायचा कुठे?" प्रश्न खरा आहे. तो न विचारता जे निघतात त्यांचीच मला जास्त काळजी वाटते. जहाजावर किंवा गल्फमध्ये कामाला निघालेल्या कुणाला यातलं काही उपयोगी पडलं तरी मला आनंदच आहे.

मिशनचा दिवस कसा असतो ते आधी थोडक्यात. मुलगे २४ महिने जातात, मुली १८. सकाळी साडेसहाला उठायचं, प्रार्थना, अभ्यास, मग बाहेर. रात्री साडेदहाच्या सुमारास दिवा बंद. एकट्याने कुठेच जायचं नाही, कंपॅनियन, म्हणजे जोडीला दिलेला दुसरा मिशनरी, कायम सोबत. काही आठवड्यांनी बदल्या होतात, कधी तुमची, कधी तिची. चहा, कॉफी, दारू, तंबाखू नाही. घरी फोन आठवड्यातून एकदा. फेब्रुवारी २०१९ च्या आधी तर वर्षातून दोनदाच होता. म्हणजे दिवस आखलेला असतो आणि बाहेरून पाहिलं तर कालचा आणि आजचा सारखाच दिसतो. वही लागते ती म्हणूनच.

आधी घडलं ते लिहा

झोपण्यापूर्वी दहा मिनिटं. एकच प्रसंग घ्यायचा, अख्खा दिवस नव्हे. कोण होतं, हातात काय होतं, काय बोललं, आपण काय बोललो. अर्थ लिहायचा नाही. अर्थ दुसऱ्या दिवशी सकाळी अभ्यासाच्या वेळी, पान परत वाचून, सुचला तर लिहायचा.

हा उलटा क्रम मुलांना जड जातो. नवी मुलं पहिल्याच रात्री लिहितात, "आज पाऊस पडला आणि मला परमेश्वराच्या कृपेची आठवण झाली." हे वाक्य वाईट नाही, पण ते डिचोलीत घरी बसूनही लिहिता आलं असतं, त्यासाठी इतकं लांब जायला नको. त्याच संध्याकाळबद्दल असं लिहून पाहा: "बसस्टॉपच्या छपराखाली चार माणसं. एका म्हाताऱ्याजवळ ओलं कुत्रं. आम्ही दोघी आलो तसा तो कुत्र्याला घेऊन पावसात एक पाऊल बाहेर सरकला. काही बोलला नाही. बस येईपर्यंत त्याची डावी बाही भिजत होती." यात कृपा हा शब्द कुठेच नाही. पण सकाळी हे पान वाचताना तुम्ही स्वतःला काहीतरी विचाराल आणि तो प्रश्न उसना नसेल, तुमचा असेल.

आमच्या चर्चच्या नेत्यांपैकी हेन्री आयरिंग यांनी २००७ च्या ऑक्टोबरमधल्या अधिवेशनात सांगितलं होतं की मुलं लहान असताना ते रोज थोडं तरी लिहीत, कितीही दमलेले असले तरी. लिहिण्याआधी स्वतःला विचारत: आज आमच्यासाठी, मुलांसाठी, घरासाठी देवाचा हात पुढे आलेला मला दिसला का? हा प्रश्न वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा. तो "मी आज काय शिकले" असं विचारत नाही, काय दिसलं ते विचारतो. दोन्हींत फार फरक आहे. शिकण्याच्या प्रश्नाला माणूस उत्तर रचू शकतो. दिसण्याच्या प्रश्नाला दिवसभर डोळे उघडे ठेवावे लागतात.

बारीक तपशिलाला इतकं महत्त्व का, याचं एक जुनं उदाहरण आहे. १८३७ साली आमच्या चर्चचे पहिले मिशनरी इंग्लंडमध्ये प्रेस्टनला पोचले. ३० जुलैला रिबल नदीत पहिले बाप्तिस्मे होणार होते. पहिला मान आपल्याला मिळावा म्हणून माणसं नदीकडे अक्षरशः धावत सुटली आणि जॉर्ज वॉट पुढे गेले. त्या आठवड्यात कितीतरी प्रवचनं झाली असतील, पण आजही सांगितली जाते ती ही शर्यत. कुणीतरी ती, जशी झाली तशी, लिहून ठेवली म्हणून.

सराव गोव्यातच करा

परदेशात गेल्यावर डोळा आपोआप तयार होत नाही. तिथे सगळंच नवं, त्यामुळे सगळंच डोळ्यांत भरतं आणि काहीच नीट दिसत नाही. ज्या जागा वर्षानुवर्षं पाहून पाहून दिसेनाशा झाल्यात तिथे सराव करा.

मी मुलांना रायबंदर ते चोडण फेरीबोटीवर पाठवते. नदी ओलांडायला थोडाच वेळ लागतो, आणि माणूस गाडीवरून उतरला की त्याला दुसरं काही करायला नसतं. मोबाईल खिशात. कठड्याला टेकून उभं राहायचं आणि एकाच माणसाच्या हातांकडे पाहायचं, पलीकडचा धक्का येईपर्यंत. टक लावून नव्हे, त्या माणसाला अवघडल्यासारखं होता कामा नये. मग चोडणला उतरून धक्क्यावरच लिहायचं.

एका मुलीने लिहून आणलेलं मला फार आवडलं. मासळीवाली खाली बसलेली, पुढ्यात पाटी, पाटीवर ओलं फडकं. स्कूटर आत येऊ लागल्या की ती वर बघतसुद्धा नव्हती. कानांनीच ओळखून पायाने पाटी वीतभर मागे ओढायची, गाडी लागली की परत वीतभर पुढे. शेवटी एक मोठी गाडी आली तेव्हा तिने पाटी उचलून मांडीवर घेतली आणि शेजारच्या शाळेच्या पोराला दंडाला धरून आपल्या बाजूला ओढलं. पोर तिचं नव्हतं. त्याने तिच्याकडे पाहिलंही नाही, दप्तर सावरून उभा राहिला. एवढंच. त्या मुलीने सकाळी खाली एक ओळ जोडली होती: "माझ्यासाठी अशी पाटी कोणी कोणी उचलली, ज्यांच्याकडे मी पाहिलंही नाही?" मग तिने नावं लिहायला घेतली आणि पान पुरलं नाही.

शुक्रवारचा म्हापशाचा बाजारही चांगला, पण तिथे गर्दीत नजर पांगते. नवख्याने फेरीपासूनच सुरुवात करावी. पावसाळ्यात दिवे गेले की घरातलं कोण आधी काय करतं ते पाहणं हाही उत्तम सराव, आणि त्यासाठी उंबरासुद्धा ओलांडावा लागत नाही.

दृष्टांत कीर्तनकारावर सोडा

आपण मराठी वाचणारी माणसं दृष्टांतांवर वाढलेली. देवळात कीर्तन ऐकताना बुवा कुंभाराचं चाक घेतात, पाण्यातलं चंद्रबिंब घेतात आणि अख्खा मंडप माना डोलावतो. बायबलमध्ये येशूसुद्धा तेच करतो: पिठातलं खमीर, मोहरीचा दाणा, हरवलेल्या नाण्यासाठी दिवा लावून घर झाडणारी बाई. त्यामुळे मिशनऱ्याला वाटतं की रोजच्या गोष्टीतून धडा काढणं म्हणजे तिला कशाची तरी उपमा देणं. सायकलचं पंक्चर म्हणजे पाप, पंप म्हणजे प्रार्थना. हे सुचायला सोपं, सभेत बोलायला छान, आणि माझ्या मते वहीत त्याला जागा नाही.

उपमा तुमच्याकडून काही मागत नाही. पंक्चर म्हणजे पाप असं लिहिलं की विषय संपला, झोप लागते. खरा धडा सकाळी उठून काहीतरी करायला लावतो. म्हणून माझी कसोटी एवढीच: पान वाचून आज एखादं काम बदलतं का? कुणाला फोन, कुणाची माफी, कुणाच्या दारात परत जाणं, कंपॅनियनच्या आधी उठून गॅस पेटवणं. बदलत असेल तर त्या पानाच्या कडेला ते काम लिहा आणि झालं की खूण करा. नसेल तर पान तसंच राहू द्या. ते खोटं नाही, अजून पिकलेलं नाही.

आमच्या धर्मग्रंथात आल्माच्या पुस्तकात, सदतिसाव्या अध्यायात, एक वचन आहे: लहान आणि साध्या गोष्टींमधूनच मोठी कामं घडतात. हे वचन प्रत्येक मिशनऱ्याला पाठ असतं. त्यात गोष्टी घडवतात असं आहे, गोष्टी सुचवतात असं नाही. मला ते फार महत्त्वाचं वाटतं.

पेजेचं पान

आता एक पान पूर्ण सांगते, म्हणजे पद्धत हाताला लागेल.

स्विंडनमध्ये गोव्याची माणसं खूप. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज पासपोर्ट काढता येतो, आणि त्या पासपोर्टवर कितीतरी कुटुंबं तिथे गोदामांत, कारखान्यांत कामाला गेली. अशीच एक दक्षिण गोव्यातल्या साष्टीची कॅथलिक आंटी आम्हाला दारातच भेटली. रात्रपाळी करून आलेली, अंगावर अजून कंपनीचं जाकीट. माझं आडनाव वाचून तिने कोंकणीत विचारलं, "खंयची गो तूं?" डिचोली म्हटल्यावर आत घेतलं. धर्म बदलायचा नाही हे तिने उंबऱ्यावरच सांगितलं, आणि बरं केलं. त्यानंतर आम्ही तिच्याकडे गेलो ते तिची मोठी कचऱ्याची डबडी रस्त्यापर्यंत ढकलायला आणि इंग्रजी पत्रं वाचून दाखवायला.

पहिल्या दिवशी तिने चहा ठेवला. आम्हाला चहा चालत नाही. गोव्यात काय आणि स्विंडनमध्ये काय, कुणाच्या घरी चहाला नको म्हणणं किती जड जातं ते तुम्हाला सांगायला नको. मी कारण सांगायच्या तयारीत होते: आमच्यात आरोग्याचा एक नियम आहे, १८३३ सालापासूनचा, वगैरे. तिने ऐकूनच घेतलं नाही. चहाचं पाणी बेसिनमध्ये ओतलं, फ्रिजमधलं पातेलं काढलं, उकड्या तांदळाची पेज गरम केली आणि दोन काचेच्या बोलमध्ये वाढली. बाजूला बशीत मिसकुटाची, म्हणजे कैरीच्या लोणच्याची, एक फोड, तेल निथळून. माझी कंपॅनियन अमेरिकेतल्या आयडाहोची, तिने आयुष्यात पेज पाहिली नव्हती. आंटीने आधी तिच्या बोलमधलं पाणी चमच्याने खाली-वर करून निववलं, कारण "तिचें तोंड भाजतलें". मग स्वतः उभ्यानेच ओट्याला टेकून खाल्लं. पुढच्या वेळेपासून आम्ही बेल वाजवली की चहाचं नावच नाही, सरळ पातेलं.

त्या रात्री मी एवढंच लिहिलं. प्रेम, आदरातिथ्य, मातृभूमी, काही नाही. चमचा, पाणी, फोड, जाकीट.

सकाळी वाचताना लक्षात आलं की तिने आम्हाला "का" हे विचारलंच नाही. आम्हाला जे चालतं ते तिने शोधलं आणि पुढे ठेवलं. आम्ही मात्र दिवसभर लोकांना का, कशासाठी, कोणत्या वचनानुसार हेच समजावत फिरत होतो. कडेला काम लिहिलं: आज ज्या घरी जाऊ तिथे आपलं सांगण्याआधी त्यांना काय चालतं, काय जड जातं ते विचारायचं. त्या दिवशी एका घरी कळलं की त्या बाईंना जिना चढवत नाही आणि वरच्या मजल्यावरच्या पलंगाची चादर कितीतरी दिवस बदललेली नाही. आम्ही चादर बदलली. शिकवणुकीचं पुस्तक त्या दिवशी पिशवीतून बाहेरच आलं नाही आणि तो दिवस वाया गेला असं आम्हा दोघींनाही वाटलं नाही.

माणसाचा धडा करू नका

या लेखातली ही गोष्ट मला सगळ्यांत जवळची आहे. आंटी माझ्यासाठी पेज घेऊन देवाने पाठवलेला निरोप नव्हती. ती रात्रपाळीने दमलेली बाई होती, तिचे गुडघे दुखत होते, तिला झोपायचं होतं. तिची गोष्ट तिची आहे. आपल्याला त्यातून काही मिळालं तर ते आपलं भाग्य, तिचं काम नव्हे. हे विसरलं की मिशनरी माणसांकडे माणसं म्हणून पाहायचं सोडतो आणि प्रत्येक दारामागे पुढच्या पत्राला मजकूर शोधायला लागतो.

आपण गोव्याचे, तेव्हा हे आपल्याला जास्त कळायला हवं. इथे पोर्तुगीज अमलात साष्टीत, बारदेशात देवळं पाडली गेली. देव पालखीत घालून, रातोरात नदी ओलांडून नेल्याच्या गोष्टी घराघरांत सांगतात, माझ्याही घरात सांगतात. मिशनरी म्हटल्यावर माझ्या आजीच्या मनात काय येत असेल ते मला ठाऊक होतं आणि तरीही मी गेले. त्यामुळे कुणाच्या दारात उभं राहताना आपण त्यांच्याकडून काय घेतोय याचा हिशेब मी फार जपून ठेवत आले.

त्याच काळात, त्याच साष्टीत, दुसरंही एक उदाहरण आहे. थॉमस स्टीफन्स हे जेझुइट पाद्री १५७९ साली गोव्यात आले आणि इथेच, १६१९ साली, वारले. त्यांनी लोकांची भाषा नुसती पोटापुरती शिकली नाही. मराठीत ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचलं आणि ते १६१६ साली साष्टीतल्या रायतूरला छापलं गेलं. आपली फुलं, आपली रत्नं, आपली पुराण सांगण्याची रीत, सगळं त्यात आहे. इतकं लिहायला माणूस किती वर्षं लोकांच्या अंगणात बसून ऐकत राहिला असेल! आणि हे स्टीफन्स मूळचे विल्टशरचे. ज्या परगण्यातून ते साष्टीत आले, त्याच परगण्यात आज साष्टीची माणसं राहतात आणि सकाळी पेज खातात. मी स्विंडनच्या रस्त्यांवरून चालताना हा विचार मला पुष्कळदा बळ देऊन गेला: आधी शिकायचं ते ऐकायला.

व्यवहारात याचा अर्थ असा. वहीत खरी नावं लिहू नका, एक अक्षर पुरे. कुणाचं आजारपण, कर्ज, घरातलं भांडण तुम्हाला विश्वासाने सांगितलं असेल तर ते सामूहिक ईमेलमध्ये जाता कामा नये, कितीही हृदयस्पर्शी असो. फोटो तर विचारल्याशिवाय मुळीच नाही. आणि ज्यांनी "नको" म्हणून दार लावलं त्यांच्याबद्दल लिहिताना त्यांच्या जागी तुमची आई उभी आहे असं समजून लिहा.

कंपॅनियन

सगळ्यांत जास्त पानं तिच्यावर भरतील. चोवीस तास एकत्र, निवड तुमची नाही, स्वयंपाकघर एकच. तिच्याबद्दल चिडून लिहिलं तरी चालेल, पण नियम तोच: घडलं ते लिहा. "ती बेफिकीर आहे" हे घडलेलं नाही, तो निकाल आहे. "तिने पातेलं रात्रभर भिजत ठेवलं" हे घडलेलं आहे. असं लिहिलं की राग बराचसा पातेल्याएवढाच राहतो. आणि तिच्या चांगल्या गोष्टींची पानं तिची बदली व्हायच्या आदल्या रात्री तिला वाचून दाखवा. बाकीची दाखवायची गरज नाही.

काहीच दिसलं नाही तेव्हा

असे दिवस येतात, हिवाळ्यात तर ओळीने येतात. स्विंडनला डिसेंबरात चार वाजताच अंधार. तारीख टाका आणि लिहा, "आज दिसलं नाही." ही सुद्धा प्रामाणिक नोंद आहे. धडा ओढूनताणून काढू नका, कारण एकदा ती सवय लागली की खरं दिसलेलं आणि रचलेलं यातला फरक तुमचा तुम्हालाच कळेनासा होतो, आणि श्रद्धेला याहून मोठा धोका मला माहीत नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपवास असतो. त्या दिवशी मागची चार आठवड्यांची पानं सलग वाचा. "दिसलं नाही" लिहिलेल्या दिवसांच्या आजूबाजूला कोण कोण होतं ते तेव्हा दिसायला लागतं. सलग दोन-तीन आठवडे तेच लिहिलं जात असेल, झोप आणि जेवण उडालं असेल, तर मात्र वही बाजूला ठेवा आणि मिशन प्रेसिडेंटना, म्हणजे तिथल्या मिशनऱ्यांच्या प्रमुखांना, किंवा त्यांच्या पत्नीला स्पष्ट सांगा. डॉक्टरकडे जायला लागलं तर जा. मन आजारी असताना त्यातून धडे शोधत बसू नये.

फोनचा दिवस

आठवड्याच्या फोनमध्ये बहुतेक वेळ "जेवलास का, थंडी आहे का" यात जातो, आणि तो जाऊ द्या. आईला तेच हवं असतं. पण फोन ठेवण्यापूर्वी वहीतलं एक पान वाचून दाखवा, अर्थ न सांगता. मग तिला विचारा, या आठवड्यात तिला काय दिसलं. पहिल्यांदा ती म्हणेल, "आमचें कितें, रोजचेंच." थांबा, घाई करू नका. माझी आई तिसऱ्या-चौथ्या फोनपासून स्वतःहून सांगायला लागली: शेजारणीने चवथीच्या माटोळीसाठी, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळांच्या सजावटीसाठी, पाठवलेलं कवंडळ, पाववाल्या पोदेराने पावसात पाव भिजू नये म्हणून गेटच्या आतपर्यंत आणून दिलेली पिशवी. ती सांगते ते वहीच्या मागच्या बाजूने, उलटीकडून लिहीत या, तिच्याच कोंकणीत.